वळूचं खनिज मिश्रण दुप्पट करावं का? (रेत तपासणीचे आकडे आत दिले आहेत)

गोशाळा_सासवड | ३ जून, २१:१४

नमस्कार मंडळी. प्रश्न सासवडजवळच्या एका गोशाळेतल्या गीर वळूचा आहे. वय सव्वाचार वर्षं, पट्टीने काढलेलं वजन ५५० किलोच्या आसपास. कळपात नैसर्गिक रेतनासाठीच ठेवला आहे. फेब्रुवारीपासून १४ गाई दाखवल्या, त्यांतल्या ९ उलटल्या (गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या). म्हणून २८ मे रोजी रेत तपासलं:

प्रमाण ५ मिली, घनता मिलीला ९० कोटी, हालचाल ५५ टक्के, सदोष शुक्राणू ३२ टक्के. या ३२ पैकी १९ टक्के दोष मध्यभागाचे (वाकलेले, तुटके). अंडकोशाचा घेर ३३ सेंमी.

रोजचा आहार: ज्वारीचा कडबा ५ किलो, उसाचे वाढे १५ किलो, सरकी पेंड ३ किलो, गव्हाचा भुसा १ किलो. गाईंना देतो तेच खनिज मिश्रण १०० ग्रॅम आणि द्रवरूप कॅल्शियम १०० मिली. मिश्रणाच्या पिशवीवर कॅल्शियम २० टक्के, फॉस्फरस १२, जस्त ०.८, तांबं ०.१ असं लिहिलंय. सेलेनियमचा उल्लेख नाही.

पशुखाद्याचा दुकानदार म्हणतो, मिश्रण २०० ग्रॅम करा, वर चिलेटेड झिंक (सेंद्रिय रेणूत बांधलेलं जस्त) सुरू करा, महिन्यात फरक दिसेल. करावं का?

तात्या_दौंड | ३ जून, २१:३०

महिन्यात फरक दिसेल खरा, पण दुकानदाराच्या गल्ल्यात.

पशुवैद्य_हवेली | ३ जून, २२:०५

तात्या थट्टेत बोलले, पण हिशेब बरोबर आहे. वृषणात शुक्राणू तयार व्हायला वळूत साधारण ६१ दिवस लागतात. नंतर अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या नळीतून) पुढे सरकायला आणि पक्व व्हायला आठ ते अकरा दिवस. म्हणजे एकूण सत्तरच्या आसपास. २८ मेच्या नमुन्यातला शुक्राणू १९ मार्चच्या सुमारास घडायला लागला होता. आज आहार बदललात तर पूर्णपणे नव्या आहारावर घडलेलं रेत ऑगस्टच्या मध्यात हाताला येईल. त्याआधीचा नमुना हा जुन्या-नव्याची खिचडी.

दुसरं म्हणजे, त्या ७० दिवसांत अख्खा एप्रिल-मे येतो. वृषणाचं तापमान शरीरापेक्षा ३-४ अंशांनी कमी राहावं लागतं. उन्हाचा तडाखा बसला की दोन-तीन आठवड्यांनी रेतात घसरण दिसते आणि ती दोन महिन्यांपर्यंत रेंगाळते. पण गाई फेब्रुवारीपासून उलटताहेत, त्यामुळे सगळं उन्हावर ढकलता येणार नाही.

तिसरं, नैसर्गिक रेतनाच्या कसोटीवर ५५ टक्के हालचाल नापास नाही. वळू तपासणीच्या प्रचलित निकषात हालचाल किमान ३० टक्के आणि निर्दोष शुक्राणू किमान ७० टक्के लागतात. तुमचे निर्दोष ६८, म्हणजे काठावर नापास. घेराचा निकष दोन वर्षांवरच्या वळूला ३४ सेंमी आहे, पण तो विदेशी जातींवरून ठरलेला. गीरला ३३ वर दोष देणार नाही. घेर मोजताना दोन्ही वृषणं खाली ओढून सगळ्यात रुंद जागी पट्टी लावली होती ना? वरच्या मानेशी अंगठा घातला की वृषणं फाकतात आणि घेर उगाच वाढून येतो.

गणिती_गवळी | ३ जून, २३:४०

आधी आहारात काय जातंय ते मोजू. कोरडा अंश: कडबा ४.५, वाढे ४ (पाणी ७० टक्क्यांच्या पुढे), पेंड २.७, भुसा ०.९. एकूण १२ किलो, वजनाच्या २.२ टक्के. ठीक.

जस्त: कडब्यात किलोला २०, वाढ्यात २५, पेंडीत ६०, भुशात ९० मिलिग्रॅम धरलं (पुस्तकी सरासरी, तुमच्या चाऱ्यात कमीजास्त असणार) तर चाऱ्या-खुराकातून ४३० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम मिश्रणातून ८००. एकूण १२३०, म्हणजे कोरड्या अंशाच्या किलोला १०० च्या वर. मांसल जातींची शिफारस ३०, दुधाळांची फार तर ५०-६०. जस्त गरजेच्या दुप्पट जातंय. दुकानदाराने रिकामा हौद समजून नळ सोडायला सांगितलाय, हौद भरून वाहतोय.

तांबं: चाऱ्या-खुराकातून ८५, मिश्रणातून १००. किलोला १५ पडतं, शिफारस १०.

कॅल्शियम: चाऱ्या-खुराकातून ४२ ग्रॅम, मिश्रणातून २०. बाटलीतलं वेगळं, ते लेबल बघून मिळवा. दूध न देणाऱ्या, वाढ संपलेल्या साडेपाचशे किलोच्या नराला रोज २० ग्रॅमच्या आसपास पुरतं. बाटली कशासाठी चालू आहे?

फॉस्फरस: पेंड-भुशातून ३५, कडबा-वाढ्यातून १०, मिश्रणातून १२. म्हणजे ५७. गरज १५-एक ग्रॅम.

२०० ग्रॅम केलं तर जस्त १७०, तांबं २४ वर जाईल. जनावर मरणार नाही (सहन होण्याची मर्यादा जस्ताला ५००, तांब्याला ४०), पण फायदाही शून्य. फक्त जस्त वाढवत नेलं तर ते आतड्यात तांब्याची वाट अडवतं, मग एकाचा उपाय दुसऱ्याचा आजार.

पेंडपुराण | ४ जून, ०७:१०

सगळे खनिजाच्या पिशवीकडे बघताहेत, मी पेंडीच्या पोत्याकडे बघतोय. नराला रोज ३ किलो सरकी पेंड?

सरकीत गॉसिपॉल असतं. गाईला तितकंसं बाधत नाही, कारण रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पोटात बराचसा भाग प्रथिनाला बांधला जातो. पण जो मुक्त राहतो तो वळूत नेमका शुक्राणूच्या मध्यभागावर जातो. तिथे तंतुकणिकांचं वेटोळं असतं, शुक्राणूचं इंजिनच म्हणा. ते आवरण फुगतं, तुटतं, मान वाकते. तुमच्या अहवालात ३२ पैकी १९ दोष मध्यभागाचे. हे जस्ताच्या कमतरतेचं चित्र नव्हे.

गंमत अशी की सेलेनियम कमी पडलं तरी मध्यभागच तुटतो, कारण तिथल्या आवरणातलं एक प्रथिन सेलेनियमचंच असतं. म्हणजे एकाच खुणेचे दोन संशयित. वाकड्या शेपट्या बघून लोक सेलेनियमची सुई टोचतात आणि गव्हाणीत सरकी तशीच पडत राहते.

तात्या_दौंड | ४ जून, ०७:५५

अहो, निम्मा जिल्हा सरकीवर दूध काढतोय. बैलाला सरकी नाही तर काय श्रीखंड घालायचं? आणि ही पेंड आहे, अख्खी सरकी नव्हे. घाणीच्या उष्णतेने गॉसिपॉल बांधलं जातं असं ऐकून आहे.

पेंडपुराण | ४ जून, ०८:२०

तात्या, मुद्दा रास्त आहे, आकड्यातच बोलू. दाबून तेल काढलेल्या पेंडीत मुक्त गॉसिपॉल साधारण ०.०२ ते ०.१ टक्का. ३ किलोला ०.६ ते ३ ग्रॅम. अख्ख्या सरकीत अर्धा टक्का किंवा जास्तही असतं. तीच २ किलो घातली तर १० ग्रॅमवर गेलात. अमेरिकेत ब्रँगस वळूंवर झालेल्या प्रयोगात रोज ८ ग्रॅमच्या आसपास मुक्त गॉसिपॉलवर मध्यभागाचे दोष ठळक वाढले होते. त्या मानाने ३ किलो पेंड खालीच राहते, हे मान्य. पण पेंड कमी तापलेल्या घाणीची असेल तर आकडा वर सरकतो, पोत्यावर गॉसिपॉल कोणी लिहीत नाही, आणि या वळूच्या आहारात त्यावर उतारा असणारं ई जीवनसत्त्व जवळजवळ नाही. साठवलेल्या कडब्यात ते उडून जातं, अ जीवनसत्त्वाचं कॅरोटीनही जातं. वाढ्यांचा हिरवेपणा शेंड्यापुरता.

गाय आणि वळू यांच्यात फरक इतकाच की गाईला रोज शेकडो कोटी नव्या पेशी घडवाव्या लागत नाहीत. खोंडांना वयात येताना तर सरकी देऊच नये.

चाकणकर | ४ जून, ०९:०२

धागा भारी चाललाय, थोडं अवांतर विचारतो. बैलगाड्याच्या खिल्लार खोंडांना सरकी-मका-अंडी-तूप असा खुराक असतो. आम्ही न ठेचलेलेच (खच्ची न केलेले) पळवतो आणि हंगाम संपला की गाईवर सोडतो. त्यांनाही हे लागू आहे का? शनिवारच्या चाकण बाजारात तर 'पावडर' विकणाऱ्यांची रांग आहे.

पशुवैद्य_हवेली | ४ जून, १३:१५

लागू आहे, उलट जास्तच. दोन गोष्टी. खुराक वाढला की अंडकोशाच्या मानेत चरबी साठते. तिथेच नसांचं जाळं येणारं रक्त थंड करत असतं. चरबीची शाल पांघरली की वृषण तापतं. अंगावर मांस ३ ते ३.५ गुणांवर ठेवा (५ पैकी), शेवटच्या दोन फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. आणि शर्यतीच्या मोसमातले ताप, प्रवास, गर्दी यांचा हिशेब दोन महिने पुढे लागतो. मेमध्ये पळालेला बैल जूनमध्ये चांगला भरवेल ही अपेक्षा ठेवू नका.

पावडरीबद्दल: घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल तर ती पिशवी गव्हाणीपर्यंत पोचू देऊ नका.

चाकणकर | ४ जून, १३:२०

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर शिक्कामोर्तब केल्यापासून खोंडाचा भाव आणि पावडरीचा भाव दोन्ही घाटात चढल्यासारखे चढलेत. धन्यवाद डॉक्टर.

रसायनी_मोशी | ४ जून, २०:४५

दुकानदाराच्या 'चिलेटेड झिंक' बद्दल कोणीच विचारलं नाही. डबा कुठल्या कपाटातला आहे? शेती विभागातलं १२ टक्क्यांचं चिलेटेड झिंक हे ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं, पिकावर फवारायचं. जनावरासाठीचं म्हणजे जस्त-मिथिओनिन किंवा प्रथिनाशी जोडलेलं. नाव एक, वस्तू दोन.

तसंच झिंक सल्फेटचं. सात पाण्याच्या रेणूंचं २१-२२ टक्के, एका रेणूचं ३३-३५ टक्के. चमच्याने मोजणारा माणूस पिशवी बदलली की नकळत दीडपट घालतो. खताच्या प्रतीच्या मालात शिसं-कॅडमियम किती याची हमी नसते, ते खाद्यात घालूच नये. मोरचूद (तांब्याचं सल्फेट) तर घरी तोलून घालायचं धाडस नको. गोठ्यात शेळ्या-मेंढ्या त्याच गव्हाणीला तोंड लावत असतील तर आणखी जपा; गाईला चालणारं तांबं मेंढीच्या यकृतात साठून तिला मारतं.

सेलेनियमची तर गोष्टच वेगळी. शिफारस कोरड्या अंशाच्या किलोला ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम. १२ किलोला जास्तीत जास्त साडेतीन मिलिग्रॅम, दिवसभरात! मिठाच्या एखाद-दोन खड्यांचं वजन. किराणा काट्यावर हे तोलता येत नाही. तयार मिश्रणात असेल तेच द्यायचं, आणि सेलेनियम असलेली दोन उत्पादनं एकदम कधीही नाही. जास्त झालं तर शेपटीचा गोंडा गळतो, खुरांना आडव्या भेगा पडतात. सुईने जास्त झालं तर खुराकडे बघायलाही वेळ मिळत नाही.

नीराकाठ | ४ जून, २१:३०

वाढ्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गणितीभाऊंचा ४२ ग्रॅम कॅल्शियमचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते शेणातून बाहेर पडतं. सगळं जात नाही, पोटातले जिवाणू बरंचसं ऑक्झॅलेट फोडतात, पण सवय नसलेल्या जनावराला एकदम १५-२० किलो घातलं तर फटका बसतो. बारामती-इंदापूरकडे गाळप सुरू झालं की गोठ्यातला चारा एका आठवड्यात वाढ्यावर येतो, तिथे हेच चुकतं.

बोअरचं पाणीही बघा. खारवट, गंधकाची क्षारं जास्त असलेलं पाणी तांब्याला पोटात बांधून टाकतं. मळी खाऊ घालत असाल तर गंधक तिच्यातूनही जातं. मावळ-मुळशीच्या तांबड्या मातीचा चारा असेल तर लोहही तांब्याला आडवं येतं. तेव्हा पिशवीवर ०.१ टक्का तांबं आहे म्हणजे रक्तात पोचलं असं नाही. काळ्या जनावरात डोळ्याभोवतीचे केस भुरे पडतात, चष्मा लावल्यासारखे. गीरच्या तांबड्या रंगात ते पटकन कळत नाही.

गणिती_गवळी | ४ जून, २२:१०

नीराकाठ, मान्य, ऑक्झॅलेट मी धरलं नव्हतं. तरी निम्मं वाया गेलं समजा, गरज भागतेच. माझी खरी काळजी फॉस्फरसची. पेंड आणि भुसा दोन्ही त्याचे कोठार, त्यात कॅल्शियम बांधलं गेलं तर प्रमाण उलटं होतं. नरात मूत्रमार्ग लांब, नागमोडी आणि अरुंद. खडे अडकतात ते तिथे. कॅल्शियम-फॉस्फरस दीड-दोनास एक राहावं. त्यासाठी बाटली ओतण्यापेक्षा भुसा कमी करणं सोपं.

आणि वर्षानुवर्षं कॅल्शियमचा मारा केलेल्या वयस्क वळूंत मणक्यांना हाडाचे काटे फुटून मणके जोडले जाण्याचा त्रास वर्णिलेला आहे. असा वळू उडी घ्यायला नाखूष होतो आणि मालक म्हणतो, तेज कमी झालं, अजून टॉनिक द्या.

उरुळीकर | ५ जून, ०८:०५

एक मूलभूत शंका. १९६७ पासून उरुळी कांचनला बायफ या पशुपैदास संस्थेचं काम आहे, मणिभाई देसाईंनी तिथूनच सुरुवात केली. गीरच्या सिद्ध वळूंच्या कांड्या (गोठवलेल्या रेताच्या नळ्या) मिळतात. पाव मिलीच्या कांडीत २ कोटी शुक्राणू, वितळल्यावर किमान ५० टक्के हालचाल, हे गोठीत रेत केंद्रांना पाळावंच लागतं. मग गोशाळेने वळू सांभाळून, त्याची खनिजं मोजत बसायचंच कशाला?

गोशाळा_सासवड | ५ जून, ०८:४०

गाई मोकळ्या फिरतात, माज रात्री येऊन जातो, तो पकडायला माणूस नाही. शिवाय कांडी भरणारा वेळेत पोचला तर.

पशुवैद्य_हवेली | ५ जून, ०९:१५

दोघांचंही बरोबर. पण उरुळीकरांच्या मुद्द्यातून एक गोष्ट उचला: केंद्रातले वळू ब्रुसेल्ला, क्षय, जोन्स, आणि रेतनातून पसरणारे ट्रायकोमोनास, कॅम्पायलोबॅक्टर या रोगांसाठी ठरावीक काळाने तपासले जातात. गोशाळेचा वळू? १४ पैकी ९ गाई उलटणं हे चित्र ट्रायकोमोनास किंवा कॅम्पायलोबॅक्टरचंही असतं. वळू दिसायला ठणठणीत, रेतही बरं, आणि गाई उशिरा, अनियमित दिवसांनी उलटतात. ९ गाई किती दिवसांनी उलटल्या ते लिहा. २१ च्या पटीत असतील तर बहुधा गर्भ राहिलाच नाही, ३०-३५ दिवसांनी असतील तर राहून गेला असण्याची शंका. लिंगावरणाचं धुवण काढून तपासणी होते, गाई दाखवणं थांबवून दोन आठवडे विश्रांती दिल्यावर घेतलं तर बरं. ब्रुसेल्लासाठी रक्त. ब्रुसेल्लाची लस नराला द्यायची नसते, आणि रोग माणसालाही होतो, तेव्हा हातमोजे.

सूक्ष्मदर्शिका | ५ जून, १९:५०

खनिज, सरकी, ऊन, रोग सगळं झालं. माझा प्रश्न अहवालावरच आहे. तो नमुना घेतला कसा आणि प्रयोगशाळेत नेला कसा?

गोशाळा_सासवड | ५ जून, २०:२५

कृत्रिम योनीतून घेतला. मे महिना, म्हणून खराब होऊ नये यासाठी नळी बर्फाच्या डब्यात ठेवून पुण्यात आणली. दीड तास लागला.

तात्या_दौंड | ५ जून, २०:२७

घ्या. मंडळी तीन दिवस सरकीवर भांडली आणि शुक्राणू थंडीने गारठून मेले.

सूक्ष्मदर्शिका | ५ जून, २१:१०

तात्या, हसू आलं, पण हे वरचेवर होतं. ताजं रेत ३७ अंशांवरून एकदम बर्फावर गेलं की शुक्राणूंना थंडीचा धक्का बसतो. हालचाल पडते, काही गोल गोल किंवा उलटे पोहतात आणि शेपट्या मध्यभागाशी वळून आकड्यासारख्या होतात. अहवालात ते 'मध्यभाग वाकलेला' म्हणूनच मोजलं जातं. कृत्रिम योनीतलं पाणी गळून नमुन्यात मिसळलं किंवा रंगद्रव्य पातळ असलं तरी तसंच वेटोळं होतं. गोठवायच्या वेळी रेत ४-५ अंशांवर नेतातच, पण तेव्हा त्यात पिवळ बलकाचं संरक्षक द्रावण असतं आणि तापमान तासाभरात नाही, हळूहळू उतरवतात.

तेव्हा ५५ आणि १९ हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. घनता आणि प्रमाण धरायला हरकत नाही.

पुन्हा नमुना घ्याल तेव्हा असं करा. कृत्रिम योनीत पाणी असं भरा की आतलं तापमान ४२ ते ४५ राहील, संकलन नळीवर कापडी आवरण. बरेच दिवस गाई न दाखवलेल्या वळूचं पहिलं रेत टाकून द्या; त्यात अधिवृषणात साठून म्हातारे झालेले, डोकं सुटलेले शुक्राणू जास्त असतात. वीस-तीस मिनिटांनी दुसरं घ्या. नळी ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासात. हालचाल जागेवरच बघायची, दहा-पंधरा मिनिटांत, कोमट काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शक जागेवर नेणं हेच खरं, नमुना शहरात नेणं नव्हे.

दोषांसाठी मात्र घाई नाही. फॉर्मल सलाइनच्या (फॉर्मॅलिन घातलेल्या मिठाच्या पाण्याच्या) छोट्या नळीत रेताचे दोन-तीन थेंब जागेवरच टाकले की शुक्राणू आहे त्या आकारात स्थिर होतो, मग सासवडहून आणा की सोलापूरहून. सोबत इओसिन-निग्रोसिन रंगाची एक काचपट्टी जागेवर ओढून वाळवा. फॉर्मल सलाइनमध्येही मध्यभाग वाकलेला, फुगलेला दिसला तर दोष खरा. फक्त पट्टीवर दिसला आणि त्यात दिसला नाही, तर दोष हाताळणीचा.

पेंडपुराण | ५ जून, २१:४०

म्हणजे माझं सरकीपुराण पाण्यात?

सूक्ष्मदर्शिका | ५ जून, २१:४८

नाही. फुगलेलं, करवतीसारखं तुटलेलं आवरण बर्फाने होत नाही. अहवालात 'वाकलेले, तुटके' एकत्र मोजलेत. त्यांतले किती वाकलेले आणि किती तुटके हे पट्टी जपून ठेवली असेल तर पुन्हा मोजता येईल. विचारून बघा.

रसायनी_मोशी | ६ जून, ०७:३०

हाताळणीवरून आठवलं. रक्तात जस्त तपासणार असाल तर नेहमीची रबरी बुचाची नळी चालत नाही, बुचातलंच जस्त रक्तात उतरतं आणि कमतरता झाकली जाते. सूक्ष्म खनिजांसाठी वेगळी गडद निळ्या बुचाची नळी असते. रक्तपेशी फुटल्या तरी आकडा फसवा. तांब्याचं तर रक्त फार उशिरा बोलतं. यकृतातला साठा संपत आला की मगच सीरममध्ये घट दिसते. एका वळूच्या एका रक्त तपासणीवर मिश्रण ठरवू नका, कळपातल्या सात-आठ जनावरांचे आकडे एकत्र बघा.

गोशाळा_सासवड | ६ जून, २१:०५

सगळ्यांचे आभार. पट्टी ठेवलेली आहे, मोजायला दिली. नोंदवही काढली: ९ पैकी ६ गाई १९ ते २२ दिवसांत उलटल्या, तिघी ३४ ते ४० दिवसांत. धुवणाची तपासणी ठरवली आहे. तोवर मूळ प्रश्न: खनिज मिश्रण नक्की किती आणि कसं द्यायचं?

गणिती_गवळी | ६ जून, २२:३०

५० ग्रॅम. १०० सुद्धा नाही. ५० ग्रॅममधून ४०० मिलिग्रॅम जस्त आणि ५० तांबं मिळतं. खाली मांडलेल्या आहारात ते पुरून उरतं. बाटली बंद. सेलेनियम हवं तर हेच मिश्रण बदलून ज्यावर सेलेनियम छापलंय असं घ्या, सुई नको.

आहार: कडबा ५ किलो, हिरवी मका किंवा नेपियर १५ किलो, लसूणघास ४-५ किलो (जास्त नको, कॅल्शियम वाढतं), खुराक अडीच किलो. वाढे घालायचेच असतील तर ५ किलोपर्यंत, आणि नेपियर-वाढे एकत्र नको, ऑक्झॅलेट दोन्हींत. खुराकात मका भरडा निम्मा, सोयाबीन पेंड पाचवा हिस्सा, बाकी भुसा आणि चुनी (डाळींचा चुरा). शेंगदाणा पेंड चालेल, बुरशीचा वास आला तर पोतं परत. मीठ २५-३० ग्रॅम, मिश्रणात आधीच मीठ असेल तर ते वजा करून.

मिश्रण गव्हाणीत वरून भुरभुरू नका. वळू जीभ फिरवून पेंड उचलतो, पावडर तळाला राहते आणि संध्याकाळी झाडूने जाते. ५० किलो खुराकाला १ किलो मिश्रण, म्हणजे २ टक्के. अडीच किलो खुराकात आपोआप ५० ग्रॅम जातं. आधी १ किलो मिश्रण ५ किलो भुशात कालवा, मग ते उरलेल्या ४५ किलोत. एकदम पोत्यात ओतलं तर अर्धा गोठा उपाशी आणि अर्धा तुपाशी. द्यायच्या वेळी थोडं पाणी शिंपडा.

नीराकाठ | ६ जून, २२:५०

पावसाळा तोंडावर आहे. फोडलेली पिशवी ओल धरते, दगड होते आणि आयोडीन उडतं. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, फळीवर, भिंतीपासून दूर. महिन्याला लागेल तेवढंच कालवा. गठ्ठे फोडून घालू नका, एका गठ्ठ्यात काय आलं ते कळत नाही.

पशुवैद्य_हवेली | ७ जून, ०८:१०

तिघी ३४ ते ४० दिवसांत उलटल्या, त्या मला आवडल्या नाहीत. त्या तिघी आणि वळू, चौघांची तपासणी एकाच दिवशी करा. निकाल येईपर्यंत वळू वेगळा बांधा, गाईंना कांडी भरा. लाळ्या-खुरकुताची लस या महिन्यात असेल तर तारीख लिहून ठेवा. ताप आला तर पुढच्या नमुन्यात दिसतो. दुपारी छपरात, अंगावर पाणी, पाय मोकळे. दुसरा नमुना १५ ऑगस्टनंतर.

तात्या_दौंड | ७ जून, ०८:३५

दुपारी १ ते ४ सावलीत विश्रांती. वळू अस्सल पुणेकर निघाला.

बाकी सासवडकर, ती कॅल्शियमची अर्धी बाटली व्यालेल्या गाईला द्या, वाया घालवू नका. आणि बर्फाचा डबा वळूपासून चार हात लांब.